कच्चा लिंबू नको, पक्का गडी हवा : विशेष गरजा असलेली मुले आणि आपली मैदाने

गल्लीतल्या खेळाची एक जुनी रीत आहे. मोठी मुले खेळत असताना कुणाचा धाकटा भाऊ रडत आला, की त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, पडतो. त्याला कुणी बाद करत नाही आणि त्याने कुणाला शिवले तरी ते धरत नाहीत. रीत प्रेमळ आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. दोन वर्षांत तो भाऊ मोठा होतो आणि कुणी जाहीर न करताच पक्का गडी होतो.

जे मूल चालताना अडखळते, ज्याला ऐकू येत नाही, ज्याला सूचना समजायला वेळ लागतो, त्याच्या बाबतीत ही दोन वर्षे संपतच नाहीत. पंधराव्या वर्षीही ते कच्चा लिंबूच असते, आणि तेसुद्धा मैदानापर्यंत पोहोचले तर. विशेष मुलाच्या आईवडिलांवरच्या २०१७ च्या मराठी चित्रपटाचे नाव ‘कच्चा लिंबू’ ठेवले गेले, ते उगाच नाही.

जयंतीच्या निमित्ताने आपली मंडळे कबड्डी, क्रिकेट, खो-खोचे सामने भरवतात. उन्हाळ्यात शिबिरे होतात, विहाराच्या मैदानावर संध्याकाळी सराव चालतो. आम्ही नागपूर आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या अशा गटांबरोबर काम करतो. ‘विशेष गरजा असलेल्या मुलाला खेळात घ्या’ म्हटले की बहुतेक कार्यकर्ते लगेच ‘हो’ म्हणतात. अडते ते पुढे. घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? आमचे उत्तर असे : त्या मुलाच्या खेळण्याने सामन्याच्या निकालात फरक पडू शकला पाहिजे. त्याची धाव धरली गेली पाहिजे, त्याने शिवलेला गडी बाद झाला पाहिजे आणि तो चुकला तर तोही बाद झाला पाहिजे. बाकी सगळे तपशील यातून निघतात.

मुले आहेत, पण दिसत नाहीत

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, म्हणजे सरासरीपेक्षा जास्त. बाळंतपणात वेळेवर न मिळालेला दवाखाना, कुपोषण, अंगावर काढलेला ताप, धोक्याची कामे हे सगळे वस्तीत काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ती जनगणना जुन्या कायद्याच्या काळातली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हेही येतात. म्हणजे आज मोजणी झाली तर आकडा वाढेल.

तरीही सरावाला येणाऱ्या तीस-चाळीस मुलांत असे मूल क्वचितच दिसते. ते घरात असते. आई कामावर गेली की मोठ्या बहिणीच्या भरवशावर असते, आणि मग बहिणीचेही खेळणे बंद होते. एका मुलाला बाहेर ठेवले की बहुतेक वेळा दोन मुले बाहेर राहतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. त्यातली दुसरी जवळजवळ नेहमी मुलगी असते.

जी मुले मैदानापर्यंत येतात त्यांना बहुधा कडेची कामे मिळतात : गुण लिहिणे, बाटल्या सांभाळणे, चेंडू आणून देणे. किंवा वर्षातून एकदा ‘दिव्यांग मुलांचा विशेष सामना’ होतो, पाहुणे भाषण करतात, पुष्पगुच्छ आणि ट्रायसिकल दिली जाते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा जसे होते तसे. ट्रायसिकल वाटू नका असे आम्ही म्हणत नाही, ती लागतेच. पण तिच्यावर बसून मूल मैदानावर आले, तर त्याला खेळवायचे कसे याचा विचार वाटप करणाऱ्यांनी केलेला नसतो.

पळवणकर बाळू यांची गोष्ट या वाचकांना ठाऊक असेल. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेले बाळू आपल्या देशातल्या पहिल्या मोठ्या गोलंदाजांपैकी एक. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पुण्यात मात्र चहापानाच्या वेळी संघातले इतर खेळाडू आत बसून कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. ही तुलना पूर्ण जुळत नाही. बाळूंचे कौशल्य सर्वांना हवे होते, फक्त माणूस नको होता. विशेष गरजा असलेल्या मुलात कौशल्य असेल असेच कुणाला वाटत नाही. पण मैदानात घेणे आणि संघात घेणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे समजायला आपल्याला दुसऱ्याचा इतिहास उघडावा लागत नाही.

अडचण मुलात की मैदानात?

समाजशास्त्रात दिव्यांगत्वाकडे पाहण्याच्या दोन रीती शिकवल्या जातात. एकीनुसार अडचण शरीरात असते आणि ती डॉक्टरने दुरुस्त करायची असते. दुसरी रीत ब्रिटनमधील दिव्यांगांच्या चळवळीतून पुढे आली आणि १९८० च्या दशकात समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी ती नीट मांडली. शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि समाजाने उभा केलेला अडथळा ही दुसरी. पायात ताकद नसणे ही उणीव. ग्रंथालयाला फक्त पायऱ्या असणे हा अडथळा. दोष माणसात शोधायचा की व्यवस्थेत, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही.

मैदानावर हे फार स्पष्ट दिसते. कर्णबधिर मुलगा शर्यतीत मागे पडतो, कारण शर्यत शिट्टीने सुटते. तो हळू पळतो असे सगळे म्हणतात. शिट्टीबरोबर रुमाल खाली टाकला की त्याची सुरुवात इतरांबरोबर होते, आणि मग तो खरेच हळू पळतो की नाही ते कळते. कदाचित हळू पळतही असेल. पण ते आता खेळाने ठरवले.

या दृष्टीने कायदाही वाचून ठेवावा. २०१६ च्या अधिनियमातले कलम १६ सांगते की शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि इतरांच्या बरोबरीने खेळाची व मनोरंजनाची संधी द्यावी. कलम ३० खेळाविषयीच आहे. क्रीडा संस्थांनी आपल्या योजना आणि कार्यक्रमांत दिव्यांगांना सामावून घ्यावे, मैदाने व सुविधा त्यांना वापरता येतील अशा कराव्यात, असे ते सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक करारावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यातही मुलांच्या खेळाचा हक्क योगायोगाने कलम ३० मध्येच आहे. या कायद्यात ‘वाजवी सोय’ नावाची कल्पना आहे : संस्थेवर पेलणार नाही असा बोजा न टाकता करता येणारा आवश्यक बदल. ‘तुमच्या मुलाला पीटीच्या तासाला वर्गातच बसू दे’ असे एखाद्या शाळेने सांगितले, तर ते दयाळूपणाचे वाटले तरी कलम १६ च्या विरुद्ध आहे. पालकांना हे माहीत नसते. कार्यकर्त्याला माहीत असले पाहिजे.

एक गोष्ट मात्र गाठ मारून ठेवावी. योजनांचा लाभ घ्यायला ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लागते. खेळायला लागत नाही. प्रमाणपत्र येईपर्यंत मुलाला थांबवून ठेवू नका.

नियम बदलायचे, पण कोणते?

‘नियम बदलले तर खेळ कसला?’ हा आक्षेप नेहमी येतो आणि तो फालतू नाही. यावर विचार करायला एक चांगला निवाडा आहे. केसी मार्टिन हा अमेरिकन गोल्फपटू. पायाच्या रक्ताभिसरणाच्या आजारामुळे त्याला दूरवर चालता येत नसे. व्यावसायिक स्पर्धेत त्याने छोटी गाडी वापरू देण्याची मागणी केली, संघटनेने नकार दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मार्टिनच्या बाजूने लागला. न्यायालयाने विचारलेला प्रश्न आपल्या उपयोगाचा आहे : या खेळाचा गाभा काय? गोल्फचा गाभा चेंडू मारणे हा आहे, एका जागेहून दुसऱ्या जागी चालणे हा नाही. म्हणून गाडी दिल्याने खेळ मुळातून बदलत नाही.

हाच प्रश्न आपल्या खेळांना लावून पाहू.

क्रिकेटचा गाभा चेंडू आणि बॅटची झुंज. धाव पळून काढणे महत्त्वाचे खरे, पण जखमी फलंदाजासाठी दुसऱ्याने पळायची सोय क्रिकेटच्या नियमांत फार जुनी आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती २०११ मध्ये बंद झाली, गल्लीत आजही चालते. मग ज्याचा पाय कायमचा कमकुवत आहे त्याला रनर द्यायला हरकत कसली? आणि गल्ली क्रिकेटने नियमांच्या पावित्र्याबद्दल बोलूच नये. एक टप्पा झेल बाद, भिंतीला लागला तर दोन धावा, पाटलांच्या अंगणात गेला तर मारणाराच बाद : हे सगळे नियम जागा पाहून मुलांनीच केलेले आहेत. जागा पाहून नियम बदलतात, तर गडी पाहूनही बदलू शकतात.

खो-खोचा गाभा पाठलाग आणि हुलकावणी. यात ‘खो’ देताना बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावायचा असतो आणि तोंडाने ‘खो’ म्हणायचे असते. म्हणजे कर्णबधिर मुलासाठी अर्धी सोय खेळातच आहे : पाठीवर थाप पडली की उठायचे. उरते ते त्याने दुसऱ्याला खो देणे. त्याचा आवाज नीट निघत नसेल तर थाप पुरेशी धरायची, हे पंचांशी आधी ठरवून घ्यायचे. आमच्या अनुभवात ही मुले खो-खोत फार लवकर रुळतात. आजूबाजूच्या आरडाओरड्याने त्यांचे लक्ष विचलित होत नाही, हा त्यांचा फायदाच.

कबड्डीत चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचे असते, कारण दम टिकला की तुटला ते त्यावरून कळते. ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याचे उच्चार अडखळतात त्याच्यासाठी हा नियम म्हणजे दार बंद. पण आता चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ आलेच आहे. त्याच्या चढाईपुरते आवाजाऐवजी घड्याळ धरा. शिवून परत येणे हा गाभा तसाच राहतो आणि विरोधी संघाचे काही कमी होत नाही.

लंगडीबद्दल तर बोलायलाच नको. धडधाकट मुलांनी एक पाय उचलून धरायचा हाच तिथे नियम. आणि ज्याला खरोखर एकाच पायावर भार देता येतो त्याला आपण कडेला बसवतो, वर तेच नाव चिडवायला वापरतो.

परदेशांतल्या क्रीडाशिक्षणात हा विचार चार शब्दांत शिकवतात : जागा, काम, साहित्य, माणसे. मूल अडले की या चारपैकी काय बदलता येईल ते पाहायचे. जागा लहान करता येते, अंतर कमी करता येते. काम सोपे करता येते, म्हणजे धावत्या चेंडूऐवजी थांबलेला चेंडू मारायचा. साहित्य बदलता येते : क्षीणदृष्टी मुलासाठी भडक पिवळा चेंडू, अंध मुलासाठी आत छर्रे असलेला, खुळखुळणारा. अंधांचे क्रिकेट अशाच चेंडूवर चालते आणि गोलंदाजी खालून सरपटत होते. आणि माणसे बदलता येतात, म्हणजे सोबत कोण, समोर कोण. यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. आखणीला चुन्याऐवजी जाड दोर पुरला तर क्षीणदृष्टी मुलाला सीमारेषा पायाला कळते.

समजायला वेळ लागणारी मुले

शरीराची अडचण डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यासाठी बदल सुचतो. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाच्या बाबतीत प्रशिक्षक गोंधळतात आणि बहुतेक मुले इथेच गळतात. म्हणून थोडे सविस्तर.

सूचना एका वेळी एकच द्यावी आणि तोंडाने देण्याऐवजी करून दाखवावी. ‘इकडून पळत जा, तिथे वळ, खांबाला शिव आणि मग बस’ यात चार सूचना आहेत. जागा वारंवार बदलू नये. महिनाभर तो एकाच चौकोनात बसला तर बिघडत नाही. जोडीदार द्यावा, पण दर आठवड्याला वेगळा. एकच मुलगा कायम ‘त्याचा सांभाळणारा’ झाला तर तो कंटाळतो, आणि या मुलाला मित्र न मिळता राखणदार मिळतो. सख्ख्या बहिणीला तर जोडीदार करूच नये. तिला तिचा खेळ खेळू द्या.

स्वमग्न मुलांपैकी कित्येकांना मोठा आवाज अक्षरशः सहन होत नाही. ते कान झाकतात, पळून जातात, कधी हात चावतात, आणि लोक म्हणतात मूल हट्टी आहे. सामन्याच्या दिवशी कर्कश शिट्टी, लाउडस्पीकरवरची घोषणा आणि शेजारी डीजे. जयंतीत डीजे असावा की नसावा हा वाद इथे उकरून काढत नाही. मुलांचे सामने चालू असताना तो बंद असावा एवढे तरी मान्य व्हावे. अशा मुलाला आदल्या दिवशी रिकामे मैदान दाखवून आणावे. काय काय होणार त्याचा क्रम चित्रांनी कागदावर काढून द्यावा. आणि असह्य झाले तर कुणाला न विचारता उठून जाता येईल अशी एक शांत जागा ठरवून ठेवावी. तो दहा मिनिटांनी परत आला तर खेळात परत घ्यावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. विशेष गरजा असलेल्या मुलीची आई तिला मैदानावर पाठवायला कचरते ती खेळामुळे नव्हे. तिथे बाई कोण असेल, शौचालय कुठे आहे, तिला कुणी हात लावला तर ती सांगू शकेल का, हे तिचे प्रश्न असतात. ते रास्त आहेत. महिला प्रशिक्षक किंवा ठरलेली मोठी मुलगी नसेल तर आईला आग्रह करू नये. आधी ती सोय करावी.

तब्येतीच्या गोष्टी, ज्यांत चालढकल चालत नाही

समावेश म्हणजे बेफिकिरी नव्हे. काही आजारांत कोणता खेळ आणि केव्हा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते.

विदर्भात सगळ्यात आधी सिकलसेल. आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही त्याचे प्रमाण मोठे आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासण्या होत आहेत, बऱ्याच घरांत कार्ड आले आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक. अशी मुले साधारणपणे सर्व खेळ खेळू शकतात, मात्र रणरणत्या उन्हात, पाणी न पिता, एकदम जोराचा सराव त्यांनाही धोक्याचा ठरू शकतो. ‘एसएस’ म्हणजे आजार. या मुलांनी खेळूच नये असे नाही, पण दमाचा खेळ हळूहळू वाढवायचा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी आणि विश्रांती घ्यायची, फार गार पाण्यात पोहायचे नाही, ताप असेल त्या दिवशी घरी राहायचे. हातापायांत किंवा छातीत दुखू लागले, धाप लागली, तर ‘थोडे दुखणारच, खेळ’ म्हणायचे नाही, ताबडतोब दवाखाना. १४ एप्रिलच्या सुमारास नागपुरात दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि आपले सामने बाराच्या उन्हात चालू असतात. ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ठेवले तर सिकलसेलच्या मुलांबरोबर सगळ्यांचेच भले होईल.

डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी मान तपासून परवानगी देईपर्यंत कोलांटउडी आणि कबड्डीतली पकड नको. खो-खो, क्रिकेट, पळणे यांसाठी हृदयाची तपासणी झालेली असावी. हिमोफिलिया असलेल्या मुलाला कबड्डी-कुस्ती नाही, पोहणे चांगले. फिट येणारे मूल बहुतेक खेळ खेळू शकते, फक्त पोहताना एक मोठा माणूस त्याच्यावरच नजर ठेवून हवा. मैदानावर फिट आली तर कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, तोंडात काही घालू नये, वेळ पाहावी. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर रुग्णालयात न्यावे. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा प्रकार अजून चालतो, तो बंद करावा.

चषक लागला की काय होते

सरावापर्यंत सगळे नीट चालते. अकरा हजारांचे बक्षीस लागले की त्याच मुलाला राखीव बाकावर बसवतात. प्रशिक्षकाची बाजूही समजते. इतर मुलांनीही वर्षभर घाम गाळलेला असतो. आमच्या मते इथे सगळ्या स्पर्धांना एकच नियम लावू नये. चौदा वर्षांखालच्या वस्तीपातळीच्या स्पर्धेत प्रत्येक गड्याला ठरावीक खेळ मिळालाच पाहिजे, जसे क्रिकेटमध्ये प्रत्येकाला किमान सहा चेंडू फलंदाजी. हा नियम सर्व मुलांसाठी असावा. मग तो विशेष मुलावर उपकार उरत नाही आणि मागच्या बाकावरच्या इतर तीन मुलांनाही बॅट मिळते. जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या शालेय स्पर्धेत निवड कौशल्यावरच होणार, आणि ते योग्य आहे. तिथे निवड न होणे म्हणजे भेदभाव नव्हे. चाचणीलाच न बोलावणे हा भेदभाव.

जे बदल करायचे ते सामन्याच्या आधी दोन्ही कर्णधारांसमोर सांगून ठरवावेत. मध्येच ‘जाऊ द्या, त्याला बाद देऊ नका’ असे पंचांनी म्हटले, की तो पुन्हा कच्चा लिंबू झाला. मुलांना हे बरोबर कळते. ज्याला मुद्दाम जिंकू दिले जाते त्यालाही कळते.

मधला मार्गही आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी १९६८ मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये ‘युनिफाइड’ नावाचा प्रकार आहे : एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू जवळपास सारख्या संख्येने, वयाने आणि कौशल्याने जुळते घेतात. ही संस्था भारतात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ या नावाने काम करते. ज्या मुलाला स्पर्धेत पुढे जायचे आहे त्याच्यासाठी हा रस्ता, आणि शारीरिक दिव्यांगत्वासाठी पॅरा क्रीडा प्रकारांचा रस्ता खुला असतो. २०२३ पासून खेलो इंडिया पॅरा स्पर्धाही सुरू झाल्या आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन चौकशी करणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम. पण ‘त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा आहेत ना’ हे वस्तीच्या मैदानाचे दार लावायचे कारण होऊ शकत नाही. रोज संध्याकाळी खेळायचे ते शेजारच्या मुलांबरोबरच.

मुरलीकांत पेटकर यांचे नाव अशा वेळी हमखास घेतले जाते. सांगली जिल्ह्याचा हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण जपून. पदक मिळवणारा असेल तरच दिव्यांग मुलाला मैदान मिळावे, असा तिचा अर्थ निघायला नको. बाकीच्या मुलांकडून आपण पदकाची हमी मागत नाही. त्यातले निम्मे तर नुसते धुडगूस घालायला येतात.

सुरुवात कुठून

घरी जाऊन. भित्तिपत्रक लावून ही मुले येत नाहीत, कारण त्यांच्या आईवडिलांना ‘सर्वांना प्रवेश’ यातल्या ‘सर्वांत’ आपले मूल धरलेले नसते हे अनुभवाने माहीत असते. दोघांनी जावे, त्यात एक बाई असावी. ‘तुमच्या मुलाला काय येत नाही’ असे विचारू नये. डॉक्टरपासून शाळेपर्यंत सगळ्यांनी तेच विचारलेले असते. त्याला काय आवडते, घरात तो काय खेळतो, कशाने घाबरतो, हे विचारावे. आणि विचारताना मुलाकडे पाहून विचारावे. पहिल्या आठवड्यात त्याने नुसते बसून पाहिले तरी चालते.

दुसरे काम नावनोंदणीच्या अर्जाचे. नाव, वय, वजन, रक्तगट याखाली आम्ही एक ओळ वाढवली : ‘खेळताना कशाची मदत किंवा काळजी लागते?’ ही ओळ सगळ्या मुलांच्या अर्जावर असते, वेगळा अर्ज नाही. पहिल्याच वेळी तिथे दोन मुलांनी सिकलसेल लिहिले, एकीने दमा, एकाने चष्म्याशिवाय चेंडू दिसत नाही असे लिहिले, आणि कबड्डीच्या एका दांडग्या गड्याने लिहिले की त्याला कुणी ओरडून बोलले की काहीच सुचत नाही.